अंपायरची नजर आणि यंत्राची साक्ष

परंपरा आणि आधुनिकता हा वाद आपल्याकडे निघाला की पाहता पाहता तो धर्म, भाषा, पेहराव आणि घरातल्या बायकांचे हक्क यांवर येऊन ठेपतो. मग बोलणाऱ्यांचे आवाज चढतात, आणि काय बोलले जाते यापेक्षा कोण बोलते आहे यालाच महत्त्व येते. म्हणून वाटते, हा प्रश्न एकदा आपल्यापासून दूर, जिथे आपले सोयर ना सुतक अशा ठिकाणी नेऊन तपासावा. अमेरिकेतले बेसबॉल हे असे एक ठिकाण आहे. तिथेही जुने आणि नवे यांचा झगडा चालू आहे. तिथेही 'आमच्या वाडवडिलांपासून असेच चालत आले आहे' असे म्हणणारे आहेत, आणि 'जग कुठे गेले, तुम्ही कुठे आहात' असे विचारणारेही आहेत. आपला त्यात काही हितसंबंध नसल्यामुळे दोघांचेही म्हणणे आपण शांतपणे ऐकू शकतो.

क्रिकेटच्या सवयीने बेसबॉलला हसणाऱ्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. पिचर चेंडू फेकतो. बॅटरने तो सोडून दिला, तर कॅचरच्या मागे वाकून उभा असलेला अंपायर ठरवतो की चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की बाहेरून. आतून गेला तर 'स्ट्राइक', बाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट. ही चौकट मात्र कुठे आखलेली नसते. तिची रुंदी जमिनीवरच्या प्लेटएवढी, म्हणजे सतरा इंच, आणि उंची बॅटरच्या गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत. म्हणजे ती हवेत असते आणि बॅटर बदलला की बदलते. ताशी नव्वद मैलांहून अधिक वेगाने येणारा चेंडू या अदृश्य चौकटीच्या कडेला चाटून गेला की नाही, हे एका माणसाने डोळ्यांनी पाहून क्षणात सांगायचे. एका सामन्यात असे शेकडो निवाडे होतात.

तीन अंपायरांचा एक जुना किस्सा बेसबॉलमध्ये सांगतात. पहिला म्हणतो, चेंडू जसा असतो तसा मी सांगतो. दुसरा म्हणतो, मला जसा दिसतो तसा मी सांगतो. तिसरा म्हणतो, मी सांगेपर्यंत तो काहीच नसतो. या तिसऱ्या उत्तराचे श्रेय बिल क्लेम या १९०५ ते १९४१ पर्यंत अंपायर राहिलेल्या गृहस्थाला दिले जाते. किस्सा गमतीचा असला तरी सत्याविषयीच्या तीन भूमिका त्यात आहेत. सत्य बाहेर आहे, सत्य पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि सत्य अधिकारातून जन्म घेते. बेसबॉलची परंपरा शंभर वर्षे या तिसऱ्या भूमिकेवर चालली. अंपायर चुकतो हे सर्वांना ठाऊक होते, पण चूक झाली तरी निकाल तोच. ओरडा, टोपी जमिनीवर आपटा, धूळ उडवा, निकाल बदलायचा नाही.

या व्यवस्थेची खरी कसोटी २ जून २०१० रोजी डेट्रॉइट शहरात लागली. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर आर्मांडो गालाराग हा व्हेनेझुएलाहून आलेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. फार नावाजलेला नव्हता. त्या संध्याकाळी क्लीव्हलँडच्या संघाचे २६ बॅटर त्याने ओळीने परत पाठवले. एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. सत्ताविसावा बाद झाला असता तर तो 'परफेक्ट गेम' ठरला असता. १८८० पासून त्या दिवसापर्यंत असे केवळ वीस झाले होते. सत्ताविसाव्या बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला, मिगेल काब्रेराने तो अडवून पहिल्या बेसकडे फेकला, गालारागने धावत जाऊन झेलला आणि बेसवर पाय टेकवला. धावणारा अजून एक पाऊल मागे होता. पहिल्या बेसवरचे अंपायर जिम जॉइस यांनी हात आडवे पसरले : सेफ.

मैदानातल्या हजारो माणसांनी चूक पाहिली. दूरचित्रवाणीवर ती पुन्हा पुन्हा दाखवली गेली. गालाराग मात्र हसला. कडवट नव्हे, काहीसे अविश्वासाने, आणि वळून पुढच्या बॅटरला चेंडू टाकायला गेला. त्याला बाद करून सामना संपवला. सामन्यानंतर जॉइसनी चित्रफीत पाहिली आणि कसलीही सारवासारव न करता पत्रकारांसमोर सांगितले की चूक माझी आहे, त्या मुलाचा परफेक्ट गेम मी घालवला. त्यांनी गालारागची गाठ घेऊन माफी मागितली. गालारागने त्यांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी जॉइस यांची पाळी प्लेटमागे होती, आणि खेळाडूंची यादी अंपायरकडे नेऊन देण्यासाठी टायगर्सनी गालारागलाच पाठवले. जॉइसनी डोळे पुसत ती यादी घेतली. पुढे दोघांनी मिळून त्या प्रसंगावर पुस्तकही लिहिले.

मागणी झाली की बेसबॉलच्या कमिशनरने निकाल बदलावा. त्या एका निकालाने सामन्याचा विजेता बदलत नव्हता, कुणाचे नुकसान होत नव्हते, चुकणारा स्वतः चूक कबूल करत होता. तरीही कमिशनर बड सेलिग यांनी नकार दिला. आजही नोंदवहीत तो सामना एका हिटचा आहे. परफेक्ट गेमच्या यादीत गालारागचे नाव नाही.

परंपरावादी या घटनेकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, चुकीतूनच हा माणुसकीचा प्रसंग घडला. यंत्र असते तर निकाल बरोबर लागला असता आणि आठवडाभरात लोक विसरले असते. यंत्र चूक कबूल करत नाही, डोळे पुसत नाही, आणि त्याला माफही करता येत नाही. हा युक्तिवाद मला एके काळी फार भावत असे. अजूनही त्याचा स्पर्श पूर्ण गेलेला नाही. पण त्यात एक खोट आहे. माफ करणे हा अन्याय सोसणाऱ्याचा अधिकार आहे. तो गालारागने वापरला, आणि तोच एकटा वापरू शकत होता. तो त्याच्या मनाचा मोठेपणा होता, व्यवस्थेचा नव्हे. व्यवस्थेने त्याच्या मोठेपणाचा आधार घेऊन 'बघा, सगळे किती गोड झाले' असे म्हणावे, हे मला पटत नाही. एखाद्या बाईने नवऱ्याचा राग पोटात घातला म्हणून त्या घराला कुणी आदर्श म्हणू लागले तर आपण जसे अस्वस्थ होऊ, तसेच हे आहे. आणि त्या दिवसांत जॉइस यांच्या कुटुंबाला धमक्या आल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. सर्वांनीच काही मिठी मारली नव्हती.

क्रिकेटमध्ये आपण हे सगळे आधी पाहिले आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत टीव्हीवरची चित्रफीत पाहून धावबाद दिला गेलेला जगातला पहिला फलंदाज आपल्या मुंबईचा सचिन तेंडुलकर होता. त्या वेळी हळहळलेले लोक नंतरच्या काळात चुकीच्या पायचीतवर हळहळले, आणि तरीही निकालाच्या फेरतपासणीची पद्धत स्वीकारायला भारतीय मंडळाने २०१६ उजाडू दिले. बेसबॉलने होमरनपुरती चित्रफीत २००८ मध्ये मान्य केली आणि इतर बहुतेक निकालांसाठी २०१४ मध्ये. म्हणजे गालारागचा सामना चार वर्षे उशिरा झाला असता तर न्यू यॉर्कमध्ये बसलेल्या माणसांनी चित्रफीत पाहून तो निकाल थोड्याच वेळात फिरवला असता.

पण एका माणसाच्या एका चुकीवर हा प्रश्न सोडवता येत नाही. जॉइस चुकले ते अचानक. त्या चुकीमागे कुणाविषयी आकस नव्हता. अशी चूक आज तुमच्यावर, उद्या माझ्यावर पडते. ती पावसासारखी आहे, आणि पावसाविषयी तक्रार करावी पण त्याच्यावर खटला भरता येत नाही. चूक जेव्हा नेहमी एकाच बाजूला झुकते तेव्हा काय करायचे?

डॅनियल हॅमरमेश आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २००४ ते २००८ या हंगामांतले लाखो चेंडू तपासले आणि आपले निष्कर्ष २०११ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात मांडले. त्यांना दिसले की अंपायर आणि पिचर एकाच वंशाचे असतील तर संशयाचा चेंडू स्ट्राइक ठरण्याची शक्यता किंचित वाढते. फरक फार मोठा नव्हता. पण अंपायरांमध्ये गोऱ्यांची संख्या फार मोठी असल्यामुळे त्याचा भार कुणावर पडत होता हे सांगायला नको. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या मैदानांत अंपायरचे निकाल तपासणारे कॅमेरे बसवले होते तिथे हा कल दिसेनासा होत होता. प्रेक्षक जास्त असतील किंवा निर्णायक चेंडू असेल तिथेही तो विरघळत होता.

या अंपायरांना कुणी वंशद्वेष्टे म्हणणार नाही. ते स्वतःही शपथेवर सांगतील की आम्ही पिचरचा चेहरा पाहत नाही, आणि ते खोटे बोलत नसतील. पण आपल्याला कुणी पाहत आहे हे माहीत असले की नजर आणखी सरळ होते, एवढे त्यातून दिसते. ज्यांना नेहमीच संशयाच्या नजरेने पाहिले गेले आहे त्यांना हे समजायला अभ्यासाची गरज नाही. त्यांच्यासाठी कॅमेरा हा पाळत ठेवणारा डोळा असू शकतो, तसाच तो साक्षीदारही असू शकतो. 'जाणत्या माणसाच्या अनुभवावर विश्वास ठेवा' असे म्हणणाऱ्याला एकदा विचारून पाहावे, की त्या जाणत्या माणसाच्या समोर तू आजवर कोणत्या बाजूला उभा होतास?

आता मैदानांकडे वळू. कारण परंपरेचा खरा उमाळा अमेरिकनांना अंपायरपेक्षा मैदानांविषयी येतो. २० एप्रिल १९१२ या एकाच दिवशी दोन मैदाने सुरू झाली : बॉस्टनचे फेनवे पार्क आणि डेट्रॉइटचे, पुढे टायगर स्टेडियम म्हणून ओळखले गेलेले मैदान. फेनवे अजून चालू आहे. मोठ्या लीगमधले ते सर्वांत जुने मैदान. त्याची डावीकडची सदतीस फुटी हिरवी भिंत पाहायला लोक यात्रेला गेल्यासारखे जातात. गंमत अशी की ही भिंत १९४७ मध्ये हिरवी झाली. त्याआधी तिच्यावर जाहिराती होत्या. शिकागोच्या रिग्ली फील्डवरची प्रसिद्ध वेल १९३७ मध्ये लावली, मैदान सुरू झाल्यानंतर तेवीस वर्षांनी. त्याच मैदानावर १९८८ पर्यंत रात्रीचे सामने होत नसत, आणि तिथे दिवे लागले तेव्हा पुष्कळांना पवित्र वस्तू विटाळल्यासारखे झाले. वास्तविक मालकाने १९४१ मध्येच दिव्यांचे सामान आणून ठेवले होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याने ते युद्धकार्यासाठी देऊन टाकले. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांची 'दिवसा खेळण्याची परंपरा' ही एका लढाईमुळे राहून गेलेली खरेदी होती. आपल्या कितीतरी परंपरांच्या मुळाशी अशीच एखादी राहून गेलेली खरेदी सापडेल.

ही गोष्ट मी थट्टेने सांगत नाही. अपघाताने सुरू झालेल्या गोष्टीवरही माणसांचा जीव जडतो, आणि तो जीव खोटा नसतो. लाकडी खुर्चीवर बापाच्या शेजारी बसून पाहिलेला सामना हा इतिहासाच्या पुस्तकापेक्षा खरा असतो. पण त्या खुर्च्यांवर कोण बसू शकत होते आणि मैदानात कोण उतरू शकत होते, हेही त्या परंपरेचाच भाग आहे.

काळ्या खेळाडूंना घ्यायचे नाही असा नियम बेसबॉलच्या नियमपुस्तकात नव्हता. तो नुसता रिवाज होता, सभ्य गृहस्थांमधला न लिहिलेला समजूतपणा. तो अनादी काळापासूनचाही नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोच्या संघातून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. दार त्यानंतर बंद झाले, आणि साठ वर्षे बंद राहिल्यावर लोक म्हणू लागले की इथे दार नव्हतेच, भिंतच होती. १६ एप्रिल १९४५ रोजी फेनवे पार्कवर तीन काळ्या खेळाडूंची चाचणी घेण्यात आली. निव्वळ देखावा. त्यांना पुन्हा कुणी बोलावले नाही. त्यांतला एक होता जॅकी रॉबिन्सन. दोन वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, तो ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. त्यानंतर एकेका संघाने काळा खेळाडू घेतला. शेवटून दुसरा संघ होता डेट्रॉइट : १९५८. आणि अगदी शेवटचा बॉस्टन : १९५९. एकाच दिवशी उघडलेली ती दोन लाडकी मैदाने या रांगेत सर्वांत मागे होती. फेनवेबाहेरच्या रस्त्याला दिलेले संघाच्या तेव्हाच्या मालकाचे, यॉकी यांचे, नाव २०१८ मध्ये काढून जुने जर्सी स्ट्रीट हे नाव परत दिले गेले, तेही याच कारणाने. जुने नाव परत आणणे ही परंपरा म्हणायची की आधुनिकता?

जॉश गिब्सन हा काळ्यांच्या लीगमधला थोर बॅटर जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी. डिसेंबर २०२० मध्ये बेसबॉलने मान्य केले की १९२० ते १९४८ मधल्या त्या लीगसुद्धा 'मोठ्या' होत्या, आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी मुख्य नोंदवहीत मिळवली. कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ घेऊन गिब्सन पहिला आला. .३६७ वाला टाय कॉब, डेट्रॉइटचा देव, दुसरा झाला. काही जुन्या रसिकांना हा नोंदवहीचा अपमान वाटला. त्यांचे म्हणणे असे की त्या लीगचे सामने कमी होते, नोंदी अपुऱ्या होत्या. नोंदी अपुऱ्या होत्या हे खरेच. त्या अपुऱ्या का राहिल्या, हे मात्र ते विचारत नाहीत. म्हणजे गालारागसाठी जी नोंदवही अभंग होती ती गिब्सनसाठी उघडली. मला यात विसंगती दिसत नाही. एका व्यक्तीची अचानक झालेली चूक सोसता येते, पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजावर लादलेली चूक 'नोंद' म्हणून जपता येत नाही.

आणि आता यंत्र थेट प्लेटमागे आले आहे. दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासून बॉल-स्ट्राइकचा सगळा निवाडा कॅमेऱ्यांकडे सोपवला. अंपायरच्या कानात निकाल येतो, तो फक्त उच्चारतो. अमेरिकेने २०२६ च्या हंगामापासून मधला मार्ग पत्करला. निकाल आधी अंपायरच देईल. पण पिचर, कॅचर किंवा बॅटर यांपैकी कुणालाही तो पटला नाही तर त्याने डोक्यावर हात टेकवावा. कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग मोठ्या पडद्यावर दिसतो आणि निकाल ठरतो. प्रत्येक संघाला अशा दोन हरकती. हरकत खरी ठरली तर ती शिल्लक राहते. प्रशिक्षकाला किंवा बाकावरच्यांना विचारून हरकत घ्यायची नाही.

ही शेवटची अट मला फार आवडते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच बोलायचे, तिथल्या तिथे, दुसऱ्याचा वकील न घेता. शिवाय हरकत मोजकीच असल्यामुळे प्रत्येकाला आधी स्वतःच्या नजरेची खात्री करून घ्यावी लागते. पण तीच गोष्ट उलटूनही पाहता येते. दोन हरकती वाया गेल्या तर त्यानंतरची ढळढळीत चूकही गिळावी लागते. इन्साफाला रेशनकार्ड कशाला, असा प्रश्न कुणी केला तर माझ्यापाशी धड उत्तर नाही.

यंत्र म्हणजे सत्य, असेही समजू नये. कॅमेऱ्याच्या चौकटीची वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर ठरवली आहे. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, माणसांनी बसून ठरवले. नियमपुस्तकातली चौकट प्लेटच्या पूर्ण जाडीची आहे, यंत्राची चौकट प्लेटच्या मध्यावर उभ्या केलेल्या काचेसारखी. म्हणजे यंत्र साक्ष देते, पण कोणत्या प्रश्नाची साक्ष द्यायची हे आपण त्याला सांगितलेले असते. क्लेमसाहेबांचा तिसरा अंपायर गेला असे समजायचे कारण नाही. तो मैदानातून उठून समितीच्या खोलीत जाऊन बसला आहे.

यंत्रामुळे एका कलेवर गदा येते याचे पुष्कळांना दुःख आहे. चौकटीबाहेरचा चेंडू झेलताना हातमोजा अलगद आत ओढून तो आतलाच होता असे अंपायरला भासवणे, यात काही कॅचर निष्णात असतात. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमावलेली ही नजाकत आहे, त्यावर पगार ठरले आहेत. ती लोपली तर हळहळ वाटेल. पण स्पष्टच सांगायचे तर ही पंचाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याची कला आहे. अशा कलांचा गौरव करणारे जाणकार प्रत्येक जुन्या व्यवस्थेत असतात. ज्याच्या वाट्याचा बॉल स्ट्राइक ठरला त्या बॅटरला ते सहसा विचारत नाहीत.

पहिला काळा अंपायर, एमेट अॅशफर्ड, मोठ्या लीगमध्ये आला तो १९६६ मध्ये. पहिली स्त्री अंपायर, जेन पॉवल, ९ ऑगस्ट २०२५ रोजी. तिच्यासाठी दार उघडले आणि पुढच्याच महिन्यात यंत्राचा ठराव मंजूर झाला. काहींना खुर्ची मिळते ती तिचा एक पाय कापल्यावर. यात कुणाचा कट आहे असे मी म्हणत नाही. योगायोग आहे, पण असे योगायोग आपल्या ओळखीचे असतात.

डेट्रॉइटचे जुने मैदान १९९९ च्या सप्टेंबरात बंद झाले. संघ नव्या मैदानात गेला, जिथे पुढे गालारागचा तो सामना झाला. जुने मैदान जवळपास दहा वर्षे ओस पडून राहिले आणि २००८-०९ मध्ये पाडले. मग आजूबाजूची माणसे कुणाची परवानगी न घेता तिथे शिरून माजलेले गवत कापू लागली, पिचरचा उंचवटा नीट करू लागली. पोलीस कधी हुसकावत, ती पुन्हा येत. त्यांतल्या कुणालाही पगार नव्हता. २०१८ पासून त्या जागेवर शहरातल्या मुलांसाठी मैदान आहे. गवताऐवजी कृत्रिम हिरवळ अंथरली, त्यावरून ती गवत कापणारी माणसे फार चिडली होती. जुन्या मैदानातला सव्वाशे फुटी झेंड्याचा खांब मात्र तिथेच उभा आहे, आणि ज्या कोपऱ्यावर टाय कॉब धावला त्याच कोपऱ्यावर, प्लास्टिकच्या हिरवळीवर, आता डेट्रॉइटची पोरे धावतात. त्यांतली पुष्कळशी काळी आहेत.